शाळेतल्या ग्रंथपालानं तासाला शिकवायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा: बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) झाल्यावर तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. पुस्तकं साडेचार हजारांच्या आसपास, बहुतेक कुलूपबंद कपाटांत. मुख्याध्यापकांनी पाचवी ते आठवीच्या प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक ‘वाचन तास’ लावून तो माझ्याकडे दिला आहे. मी डी.एड. नाही, बी.एड. नाही, माझं पदच शिक्षकेतर. तासाला करायचं काय? आणि कपाटं उघडली, पुस्तकं हरवली, तर भरून कोण देणार?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं बघू. पहिल्याचं उत्तर त्याच्याच खाली दबलेलं आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून पाचेक किलोमीटरवरच्या एका शाळेत मी सत्तावीस वर्षं ग्रंथपाल होते. चार्ज घेतला तेव्हा माझ्या आधी ग्रंथालय सांभाळणाऱ्या लेखनिकांनी किल्ल्यांचा जुडगा हातात ठेवला आणि एकच गोष्ट सांगितली, “बाई, पुस्तक गेलं की ते पगारातून जातं.” पहिली चार वर्षं मी त्या एका वाक्यावर नोकरी केली. कपाटं बंद. पुस्तक हवं असेल तर चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं, मी मधल्या सुट्टीत काढून ठेवणार. कपाटात काय आहे हेच जिथं मुलांना दिसत नाही, तिथं ती नाव कशाचं लिहिणार? वर्गप्रतिनिधी येऊन चाळीस पुस्तकं पिशवीतून न्यायचा आणि बाकांच्या क्रमानं वाटायचा. तिसऱ्या बाकावरच्या मुलीला पशुसंवर्धन, चौथ्यावरच्याला थोरांची चरित्रं. आठ दिवसांनी पिशवी जशीच्या तशी परत.

चौथ्या वर्षीच्या ग्रंथ पडताळणीत एकही पुस्तक कमी भरलं नाही. मुख्याध्यापकांनी शिक्षक सभेत माझं कौतुक केलं आणि मलाही बरं वाटलं. पडताळणीसाठी पुस्तकं एकेक हातात घेतली होती, त्यामुळे दुसरंही काही दिसलं होतं. कितीतरी पुस्तकांची पानं ओलीनं एकमेकांना चिकटली होती. भिंतीला टेकलेल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात वाळवीनं मातीचं घर केलं होतं. त्या वर्षी एकशे तीसएक पुस्तकं निर्लेखनात काढावी, म्हणजे नोंदवहीतून कायमची कमी करावी लागली, सगळी कसरीनं आणि वाळवीनं खाल्लेली. वाळवीच्या पगारातून कोणी वसुली केली नाही. मुलांनी तेवढी हरवली असती तर मात्र माझी चौकशी लागली असती.

तुमच्या भीतीचं मूळ इथं आहे. कुलूपबंद कपाटात पुस्तक मेलं तर ते नैसर्गिक मरण धरलं जातं. मुलाच्या हातून गेलं की तो ग्रंथपालाचा निष्काळजीपणा होतो. नियम करणाऱ्यांनाही हे कळतं, फक्त आपल्यापर्यंत पोचत नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी स्पष्ट तरतूद आहे: वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा संदर्भासाठी हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गेली, तर अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसल्यास ती तूट वाजवी मानावी. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर चौकशी करायची, बाकी नाही. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, तुमच्या संस्थेला तो बांधील नाही. पण कागद मुख्याध्यापकांसमोर ठेवायला उत्तम आहे. ‘मला वाटतं’ म्हणून कोणी सही देत नाही, ‘भारत सरकार असं मानतं’ म्हटल्यावर देतात. आणि त्या नियमातला एक शब्द नीट वाचा: ‘देवघेव झालेल्या’. तूट कपाटातल्या साठ्यावर मोजायचीच नाही. जितकी पुस्तकं बाहेर जातील तितकी सूट वाढते.

मी पाचव्या वर्षी कपाटांची दारं काढून टाकली. खरोखरच बिजागऱ्यांसकट काढली, नाहीतर पुढच्या कोणी ती परत लावली असती. त्या वर्षी त्रेचाळीस पुस्तकं गेली. त्यातली एकोणीस पुढच्या दोन वर्षांत परत आली. कोणाच्या माळ्यावर सापडली, कोणी मुंबईच्या मामाकडे विसरलं होतं, आणि बरीचशी दहावीच्या निकालानंतर शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आल्यावर ‘ना देय’ची सही हवी म्हणून उगवली. जी गेलीच, त्यांची यादी मी जपून ठेवली. भुतांच्या गोष्टी, साप, क्रिकेट, कोडी, जादूचे प्रयोग, किल्ले. पुढच्या वर्षीची खरेदी मी त्या यादीवरून केली. मुलांना खरंच काय हवंय हे सांगणारा याहून प्रामाणिक कागद शाळेत दुसरा नसतो. वाचनाच्या आवडीची प्रश्नावली भरून घेतली तर सगळे ‘थोरांची चरित्रं’ लिहितात.

आता तास. ‘मी शिक्षक नाही’ हे वाक्य आधी बाजूला ठेवा. सेवाशर्तींच्या नियमावलीत ग्रंथपाल शिक्षकेतर आहे, ते खरं. शिक्षक खोलीत तुमची खुर्ची कुठली यावरून पहिल्या वर्षी मनस्ताप होईल, तोही खरा. पण आपल्या व्यवसायाचा आद्य पुरुष गणिताचा मास्तर होता. एस. आर. रंगनाथन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत असत आणि १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पहिल्या काही दिवसांतच ते त्या रिकाम्या, शांत दालनाला इतके कंटाळले की परत वर्गावर घ्या म्हणून प्राचार्यांकडे गेले. आधी लंडनला जाऊन प्रशिक्षण घे, मग बघू, असं सांगून त्यांना पाठवण्यात आलं. तिथं ग्रंथालयं गजबजलेली पाहिली तेव्हा कुठं त्यांचं मन लागलं. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, जी तुम्ही परीक्षेत पाठ लिहिली असतील. ‘ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत’ हे पहिलं सूत्र रिकाम्या दालनात बसून वैतागलेल्या मास्तराचं आहे हे लक्षात ठेवून वाचलं की त्याला वेगळीच धार येते.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातही प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असलेलं ग्रंथालय हवं असं म्हटलंय. ‘गोष्टींच्या पुस्तकांसह’ हे शब्द मी एकदा मोठ्या अक्षरात लिहून दारावर लावले होते, कारण आमच्याकडे गोष्टीचं पुस्तक म्हणजे अभ्यास चुकवायचं साधन असं मानणारे दोन-तीन शिक्षक होते.

तासाचं म्हणाल तर माझ्या पस्तीस मिनिटांची विभागणी कधीच फार बदलली नाही. पहिली दहा-बारा मिनिटं मी मोठ्यानं वाचून दाखवायचे. मग मुलांनी हवं ते पुस्तक निवडून हवं तिथं बसून वाचायचं. शेवटची पाच मिनिटं देवघेव. एवढंच. यात शिकवणं कुठं आलं असं वाटेल, पण मोठ्यानं वाचणं हे काम आहे आणि त्याला तयारी लागते. आदल्या दिवशी तो मजकूर घरी दोनदा मोठ्यानं वाचा. कुठं थांबायचं ते पेन्सिलीनं खूण करून ठेवा. गोष्ट संपेल तिथं थांबू नका, अडेल तिथं थांबा. पात्रांचे आवाज काढता येत नसतील तर काढू नका. सरळ, सावकाश वाचलेलं मुलांना आवडतं. आणि वाचून झालं की ‘या गोष्टीचं तात्पर्य काय?’ हे विचारायचं नाही. पहिल्या महिन्यात माझ्या तोंडून ते सवयीनं निघायचं. वर्गात तात्काळ हात वर व्हायचे, ‘खोटं बोलू नये’, ‘एकीचे बळ’, आणि गोष्टीचा जीव जायचा. एका पाचवीतल्या पोरानं तर गोष्ट सुरू व्हायच्या आधीच हात वर केला होता. तात्पर्य तयार होतं, गोष्ट कुठलीही असो.

मुलं शांत बसणार नाहीत. बसू नयेत. एका पुस्तकावर तिघं डोकी लावून कुजबुजत असतील तर ते वाचनच आहे. जी मुलं नुसती चित्रं बघतात, पानं उलटतात, दर पाच मिनिटांनी पुस्तक बदलतात, त्यांना तीन-चार महिने काही बोलू नका. आठवीतलं मूल पहिलीच्या मुलांसाठीचं चित्रपुस्तक उचलतं तेव्हा शेजारचे हसतात, तिथं मात्र लक्ष घाला. काही शाळांत पुस्तकांना पातळीप्रमाणे रंगीत पट्ट्या लावतात. मीही एक वर्ष लावल्या. दोन महिन्यांत ‘लाल पट्टीवाला’ ही वर्गात शिवी झाली. एका रविवारी बसून सगळ्या पट्ट्या खरवडून काढल्या. मी स्वतः मोठ्यांसाठीची चित्रपुस्तकं मुद्दाम सगळ्यांसमोर चाळत बसायचे, त्याचा उपयोग झाला.

स्पर्धांबद्दलही सांगून टाकते. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन २०१५ पासून आपल्याकडे साजरा होतो. त्या निमित्तानं मी एकदा ‘महिन्यात सर्वांत जास्त पुस्तकं वाचणारा विद्यार्थी’ असं बक्षीस ठेवलं. सातवीतल्या एकानं एकसष्ट पुस्तकं वाचली. सगळी सोळा पानी. विचारलं तर शांतपणे म्हणाला, “बाई, नियमात जाडी नव्हती.” बक्षीस त्यालाच दिलं, चूक माझी होती. पुन्हा ती स्पर्धा घेतली नाही. प्रत्येक पुस्तकाचा सारांश वहीत लिहून आणायची सक्तीही करू नका. मुलं पुस्तक निवडताना सारांश लिहायला सोपं कुठलं ते बघायला लागतात, आणि मग पाठीमागचा मजकूर उतरवतात.

लिहायला लावण्यापेक्षा मुलं आपणहून जे लिहितात ते वाचा. यावरून एक गोष्ट. सागरी जीवांवरचं एक भाषांतरित, रंगीत, बऱ्यापैकी महागडं पुस्तक आमच्याकडे होतं. आठवीतल्या एका मुलीनं ते परत केलं तेव्हा आत जागोजाग पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं. वडलांची होडी, घर बंदराजवळ, वर्गात ‘वाचनात कच्ची’ अशी तिची ख्याती. पुस्तक खराब केल्याबद्दल पाच रुपये दंड हा माझाच नियम होता, पावतीही फाडायला घेतली होती. मग लिहिलेलं वाचलं. ‘मॅकरेल’च्या पुढं ‘बांगडा’. ‘सार्डिन’च्या पुढं ‘तारली’. आणि ‘काळे पापलेट’ असं छापलेल्या चित्राखाली: ‘हा हलवा हाय. पापलेट न्हाय.’ मी पावतीपुस्तक मिटलं आणि कोशात बघायला गेले. तिचं बरोबर होतं. इंग्रजी नावाचं शब्दशः भाषांतर करून ज्याला काळं पापलेट म्हटलं होतं तो हलवा पापलेटाच्या कुळातला नाहीच, वेगळ्याच कुळातला मासा आहे. पुस्तक भाषांतर करणाऱ्यानं बहुधा बाजारात मासा घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावून कोशातली नोंद दाखवली. आधी ती घाबरली, मग नोंद स्वतः वाचली, अडखळत, बोट ठेवून, पण पूर्ण वाचली. त्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी एक कागद डकवला, ‘वाचकांच्या दुरुस्त्या’, आणि पहिल्या तीन नोंदी तिच्या हातानं लिहून घेतल्या. पुढं माहितीच्या सगळ्या पुस्तकांना असे कागद डकवले. त्यावर भातशेतीच्या पुस्तकात ‘आमच्याकडं लावणी अशी करत नाहीत’ हेही आलं आणि ‘हा मुलगा गाढव आहे’ असंही आलं. दुसऱ्या प्रकारच्या नोंदी खोडरबरानं पुसायच्या. छापलेलं सगळं खरं असतंच असं नाही, आणि ते चूक म्हणायचं तर दुसरीकडं तपासून म्हणायचं, हे त्या कागदांनी जेवढं शिकवलं तेवढं मला भाषण करून शिकवता आलं नसतं.

इथं ग्रंथपालाच्या खऱ्या विषयाकडं येते. मराठी, विज्ञान, इतिहास शिकवायला शाळेत माणसं आहेत. शोधायचं कसं हे शिकवायला कोणी नाही. मुलं दहावीला येतात तोवर त्यांना पुस्तकाची अनुक्रमणिका आणि शेवटची सूची यांतला फरक माहीत नसतो. शब्दकोश उघडता येत नाही. इंग्रजी ए-बी-सीचा क्रम पाठ असतो, पण आपली अकारविल्हे, म्हणजे मुळाक्षरांच्या क्रमानं शब्द लावणं, येत नाही. करून बघा: सातवीच्या वर्गात चाळीस चिठ्ठ्या वाटा, प्रत्येकीवर एक शब्द. अंगण, आंबा, उखळ, ओटी, कणगी, काजू, कोयता, क्षितिज, खळं, जाळं, ज्ञान असे. आणि सांगा, न बोलता अकारविल्हे रांग लावा. पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ. ‘कणगी’ आधी की ‘काजू’? काना कुठं जातो? अनुस्वाराचा अंगण सगळ्यांच्या पुढं का? आणि मग क्षितिजवाला मुलगा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो, कारण मुळाक्षरांच्या तक्त्यात क्ष-ज्ञ शेवटी असतात. तिथं दोन वेगवेगळे कोश काढून दाखवा. एकात क्ष हा क च्या पोटात, जोडाक्षर म्हणून. दुसऱ्यात अगदी शेवटी. मुलांना हे फार आवडतं, मोठ्या माणसांचंही एकमत नाही म्हणून. मी हा खेळ दर जूनमध्ये घेत असे आणि तो कधी फसला नाही.

त्यानंतर मराठी विश्वकोश. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलेलं हे वीस खंडांचं काम तुमच्या शाळेत बहुधा काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर, शोभेला असेल. खाली आणा. खंड जड आहेत, दोन मुलांना मिळून एक उचलायला लावा. तो सगळा आता महाजालावर फुकट वाचता येतो हेही दाखवा, पण छापील खंड आधी. पडद्यावर मूल थेट नोंदीवर उतरतं. खंडात ‘काजू’ शोधताना ते अलीकडच्या-पलीकडच्या चार नोंदींवर अडखळतं, आणि तासातली निम्मी मजा तिथंच असते.

नववी-दहावीचे प्रकल्प हा तर ग्रंथपालाच्या हातातला हुकमी पत्ता. जलसुरक्षेच्या प्रकल्पवह्या एका वर्षी शिक्षकांनी माझ्याकडे ठेवल्या होत्या म्हणून चाळल्या. बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता, दारात छत्र्यांचं तळं झालं होतं, आणि वहीत लिहिलेलं: ‘आमच्या गावात सरासरी ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे वारंवार दुष्काळाला तोंड द्यावे लागते.’ आमच्या जिल्ह्यात तीन हजारांहून जास्त पडतो. सायबर कॅफेतून काढलेली प्रत, घाटावरच्या कुठल्याशा गावाची, तुकडीतल्या अकरा जणांनी जशीच्या तशी उतरवली होती. शिक्षकांचे शेरेही पडले होते, ‘उत्तम’. मी शिक्षकांना दोष देत नाही, त्यांच्याकडे चार तुकड्यांच्या अडीचशे वह्या होत्या. मी म्हटलं, पुढच्या वर्षी मुलांना आधी माझ्याकडे दोन तास पाठवा.

त्या दोन तासांत मी तीनच गोष्टी मागितल्या. एक माहिती छापील पुस्तकातून किंवा कोशातून, एक गावातल्या माणसाला विचारून, आणि प्रत्येकीखाली ती कुठून घेतली ते एका ओळीत. ‘आजी, वय ७१, विहिरीबद्दल’ हेही चालेल. उतरवायला बंदी नाही, फक्त कुठून ते लिहायचं. आमच्याकडे एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात विहिरी का आटतात, जांभा दगड पाणी धरून का ठेवत नाही, हे मग त्यांना स्वतःलाच विचारावंसं वाटलं. सगळ्यांना नाही. पाच-सहा जणांना. तेवढे पुष्कळ झाले.

खरेदीबद्दल थोडं. विक्रेते संच घेऊन येतील: शंभर पुस्तकांचा संच, छापील किमतीवर भरघोस सूट, बिल तयार. संच कधी घेऊ नका. त्यात दहा पुस्तकं चांगली असतात आणि नव्वद त्यांच्या गळ्यात बांधलेली. एक पुस्तक हातात घ्या, मधलंच पान उघडून मोठ्यानं वाचा. जीभ अडखळली तर खाली ठेवा. शिवण आहे की नुसता डिंक, ते बघा. डिंकाचं पुस्तक कोकणातल्या एका पावसाळ्यात सुटतं. शक्य असेल तर प्रदर्शनाला दोन मुलं बरोबर न्या. पैसे नसतील तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक लावा; १९७१ पासून निघतंय, जुने अंक महाजालावर आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, काहींचं भाषांतर लाकडी आहे, निवडून घ्या.

आणि देणग्या. गणपतीला चाकरमानी गावी आले की खोकी येतात. ‘शाळेसाठी पुस्तकं आणलीत बाई.’ आत काय असतं? जुन्या अभ्यासक्रमाची गाईडं, संगणकावरची वीस वर्षांपूर्वीची पुस्तकं, सोसायटीच्या स्मरणिका, लग्नात आलेली आध्यात्मिक पुस्तकं. पहिल्या वर्षी मी सगळी दाखल नोंदवहीत चढवली. एकदा दाखल क्रमांक पडला की ते पुस्तक काढून टाकायला निर्लेखनाचा प्रस्ताव, समिती, ठराव, सगळं लागतं. म्हणून देणगी आली की आभार मानायचे, चहा द्यायचा आणि ‘निवडून दाखल करू, उरलेली योग्य ठिकाणी देऊ’ असं एका ओळीच्या पत्रावर लिहून घ्यायचं. खोकी उघडायच्या आधी.

वर्गीकरणात पहिलं वर्ष घालवू नका. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाप्रमाणे मराठी कथा-कादंबऱ्या सगळ्या ८९१.४६३ वर येतात, म्हणजे तुमचं निम्मं ग्रंथालय एकाच आकड्याखाली. पोरांसाठी त्याचा उपयोग शून्य. वर्गांक नोंदवहीत ठेवा आणि फळीवर मात्र ‘भुतं’, ‘प्राणी’, ‘हसायचं’, ‘शोधायचं’ अशा पाट्या लावा. संगणकीकरणासाठी केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे, कोहा आहे, दोन्ही सॉफ्टवेअर चांगली. पण साडेचार हजार नोंदी भरायला बसलात तर वर्षभर तुमचं तोंड पडद्याकडे आणि पाठ मुलांकडे. एका साध्या तक्त्यात रोज वीस भरा.

अजून एक अडचण तुम्ही विचारलेली नाही, पण ती येणार. शिक्षक रजेवर गेले की ऑफ तासाला ग्रंथपालाला पाठवतात. मी दहा वर्षं कुरकुरत गेले. मग एका पर्यवेक्षिकाबाईंशी तोंडी करार केला: ऑफ तास मी कितीही घेईन, पण वर्ग ग्रंथालयात येईल, मी वर्गात जाणार नाही. त्यांना वर्ग सांभाळला गेला की झालं, मला आठवड्याला चार-पाच जास्तीचे वाचन तास मिळाले. ग्रंथालयात एका वेळी पन्नास मुलं बसत नाहीत हे खरं. आमची निम्मी पडवीत बसत. पावसाळ्यात तीही आत, एकमेकांच्या मांडीवर. ओल्या युनिफॉर्मचा वास आणि पुस्तकांवर पाण्याचे थेंब. पुसायला एक जुना पंचा खिळ्याला टांगलेला असायचा.

तुमचा पहिला तास जवळ आला असेल. त्या दिवशी काही शिकवू नका. तासाआधी दोन कपाटांतली पुस्तकं बाहेर काढून सतरंजीवर पसरून ठेवा, मुखपृष्ठ वर करून, आणि मुलांना त्यात सोडून द्या. कोण कुठं बसतंय, काय उचलतंय, काय उचलून लगेच ठेवतंय, ते फक्त बघा आणि संध्याकाळी लिहून ठेवा.

पण त्याही आधी एक कागद करा. ग्रंथालय समितीचा ठराव: ‘वर्षभरात देवघेव झालेल्या दर हजार पुस्तकांमागे पाचपर्यंत तूट समिती वाजवी मानील, त्याची वसुली ग्रंथपालाकडून केली जाणार नाही, विद्यार्थ्यानं हरवलेल्या पुस्तकाबद्दल तेच किंवा त्या किमतीचं दुसरं पुस्तक घेतलं जाईल, आणि देणं शक्य नसेल तर मुख्याध्यापकांच्या शेऱ्यानं माफ होईल.’ शेवटचं कलम विसरू नका, नाहीतर ज्या घरात पुस्तकाची किंमत दोन दिवसांची मजुरी असते तिथलं मूल पुन्हा कधी पुस्तक नेणार नाही. समिती कागदावर नसेल तर आधी ती करून घ्या: मुख्याध्यापक, एक भाषा शिक्षक, एक पालक, तुम्ही. सही लवकर मिळवा. ऑगस्ट उलटला की घटक चाचणी, गणपती, सहल, गॅदरिंग, आणि मग हा विषय मार्चपर्यंत सभेत येत नाही.